थळचा वाटा

शलोम थळकर गेला त्याला पाच आठवडे झाले, तरी माझा संताप शमलेला नाही. मृत्यूवर नाही; दम्यानं पोखरलेला माणूस, तो सुटला. संताप आहे तो आमच्या गिरगावातल्या चाळीनं भरवलेल्या शोकसभेवर. चाळीचे अध्यक्ष उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "थळकर मास्तर ज्यू. परके असूनही संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेले. या पाहुण्याचे आपल्यावर उपकार आहेत." लोकांनी माना डोलावल्या. पाहुणा! ज्याचे पूर्वज अलिबागजवळच्या थळला पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवत होते, ज्यानं आमच्या पोरांना कान धरून मराठी व्याकरण शिकवलं, तो पाहुणा? आणि मी, त्याचा शेजारी, त्याचा मित्र, ढिम्म बसून राहिलो...

आंदोलनाच्या दिवसांत आमच्या गॅलरीत रोज वाद रंगायचा. "मुंबई आमच्या बापजाद्यांची!" मी तावातावानं म्हणायचो. आम्ही जुने गिरगावकर. एके काळी आमची इथे मोठी वाडी होती. एकदा शलोमनं चष्मा पुसत विचारलं, "मग ती वाडी गेली कुठे रे?" आजोबांनी ती एका शेटजीला विकली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग तो समजुतीनं बोलू लागला. त्यांच्या हिब्रू शास्त्रात म्हणे कुळाकुळांना चिठ्ठ्या टाकून जमीन वाटून दिली, पण मालकी देवानं स्वतःकडेच ठेवली. "माणूस तिथे बिऱ्हाडकरू. आपण या चाळीत आहोत ना, तसाच. म्हणून वाटा कायमचा विकायचा नाही. अडचणीत विकलाच, तर पन्नासाव्या वर्षी ज्याचा त्याला परत." त्याच शास्त्रातल्या एका राजानं शेजाऱ्याचा द्राक्षमळा मागितला, बदल्यात त्याहून चांगला देऊ केला, तरी तो शेजारी नाही म्हणाला आणि जिवाला मुकला. ही गोष्ट शलोम पुन्हा पुन्हा सांगायचा. "देवानं आपल्याला कुठे उभं केलं, त्याची खूण म्हणजे जमीन. ती राखणं हीसुद्धा प्रार्थनाच रे." मुंबईत पैसा कुणी ओतला यावरून ती कुणाची हे ठरवणाऱ्यांची त्याला किळस यायची.

त्याच सुमारास त्याचा धाकटा भाऊ इस्राएलला निघाला. थळची जमीन विकून दोघंही जाऊ, म्हणून हट्टाला पेटला. शलोमनं सही दिली नाही. भाऊ बोलणं तोडून गेला, पुन्हा पत्रसुद्धा आलं नाही. हे सगळं मला माहीत होतं. आणि तरीही एका संध्याकाळी वादात हरलो म्हणून मी चिडून म्हणालो, "तुझा देश तर आता तयार झालाय. तू कशाला आमच्या भानगडीत पडतोस?" "बाबा थळच्या मातीत आहेत," तो हळू म्हणाला. "त्यांचा वाटा विकून देवाला काय तोंड दाखवू?" दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींच्या तुकडीत तो पुढे होता आणि मी, रजा मिळत नाही या सबबीवर, ऑफिसातल्या खुर्चीला चिकटलेला. दमा त्यानं तुरुंगातल्या दमट कोठडीतूनच आणला. शोकसभेत माझी जीभ का रेटली नाही, ते आता सांगायला नको. अध्यक्ष जे बोलले, ते आधी मी बोललो होतो.

गेल्या शुक्रवारी सकाळी त्याच्या पत्नीनं, रिबेकावहिनींनी, हाक मारली. थळहून नारळ आले होते. त्या जमिनीतले वर्षाचे पहिले उतरवलेले नारळ शलोम दरवर्षी मजल्यावर घरोघरी एकेक वाटायचा. पहिलं पीक देवाचं आणि देवाकडे जायची वाट शेजाऱ्याच्या दारावरून, असं त्याचं म्हणणं.

"अध्यक्षांचा तेवढा तुम्ही पोचवाल?" वहिनी म्हणाल्या.

पोचवला. हातात ठेवून म्हणालो, "थळकराच्या जमिनीतला आहे. तुम्ही-आम्ही आपापली विकून इथे बिऱ्हाडाला आलो. त्यानं नाही विकली. आता पाहुणा कोण, ते सांगा." मला वाटलं होतं, बरं वाटेल. वाटलं नाही.

परत आलो तर वहिनींनी माझ्यासाठी सगळ्यांत मोठा बाजूला काढलेला. "तुमचा आधी काढायचा, असं हे दरवर्षी सांगायचे."

मी तसं बोललो त्या संध्याकाळनंतरही सांगत होता... आणि मी दरवर्षी तो फोडून, खोवून, खुशाल खात होतो. माफी मागायचं उद्यावर टाकत होतो. यंदाचा नारळ देवघरात ठेवला आहे. फोडायला हात होत नाही.