सतरा विद्यार्थी, एकच नंबर

फोन उचलणाऱ्या बाईनं मलाच विचारलं, "कोनाचं नाव? लवकर सांगा, अजून तिघं थांबून हायेत."

"हा नंबर तुमचा आहे का?" मी म्हटलं.

"माहाच हाय. मंग?"

"विद्यापीठाच्या सतरा विद्यार्थ्यांच्या खात्यांवर हा एकच नंबर आहे. सतराही तुमचीच का?" माझा आवाज चढलेलाच होता.

"तुमी कोन बोलून राह्यल्या?"

"विद्यापीठातून. हा नंबर आम्ही पोलिसांकडे देणार आहोत."

फोन कट झाला. पुन्हा लावला, तर बंद. गुरुवार होता, सकाळचे साडेदहा. शुक्रवारी दहा वाजता शेवटच्या वर्षाचा पेपर. आणि या सतरा जणांची खाती लॉक, म्हणजे हॉलतिकीट नाही.

लॉक माझ्याच नियमानं लागलं होतं.

मी यवतमाळला विद्यापीठाच्या आयटी विभागात सिस्टीम मॅनेजर आहे. लोकांना वाटतं आम्ही प्रिंटर दुरुस्त करतो. तेही करावं लागतंच. पण डोकं खातं ते नियम करण्याचं काम: कुणाला कुठपर्यंत आत सोडायचं, पासवर्ड कसा बदलायचा, गडबड दिसली तर काय करायचं. आदल्या वर्षी एका सायबर कॅफेवाल्यानं मुलांचे फॉर्म भरताना स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला होता. ओटीपी त्याच्या फोनवर, म्हणजे खातं त्याच्या हातात. निकाल बघायलासुद्धा मुलं त्याच्या पाया पडायची. माझं डोकं फिरलं. मी नियम केला की एक नंबर तीनपेक्षा जास्त खात्यांवर दिसला, की सिस्टीम ती खाती आपोआप लॉक करेल. विद्यार्थ्याला स्क्रीनवर लाल अक्षरात दिसेल, "संशयित खाते. चौकशी सुरू." लॉक उघडायला माझी आणि कुलसचिवांची, दोघांची सही लागेल. कुणा पुढाऱ्याचा फोन आला तरी मला एकटीला काही करता येऊ नये, म्हणून ही अट मुद्दाम घातली. त्या अटीचा मला भारी अभिमान होता.

हेल्पडेस्क आमचे राठोड सांभाळतात. त्यांनी मला सकाळीच गाठलं होतं.

"मॅडम, सोमवारपासून मेल येऊन राह्यल्या. सगळ्या झरी जामणीकडच्या एकाच कॉलेजच्या."

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"नियमात लिवलं तेच. चौकशी सुरू आहे."

"आणि चौकशी कोण करतंय?"

राठोडांनी माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. चौकशी मीच करायची होती. परीक्षेच्या धांदलीत ती यादी माझ्या टेबलावर तीन दिवस पडून होती.

फोन बंद झाल्यावर मी कुलसचिव इंगळे सरांकडे गेले. त्यांनी तो नंबर आपल्या मोबाईलमधल्या ॲपवर टाकला. तेलंगणाचा निघाला.

"टोळी दिसते," सर म्हणाले. "डमी बसवणारे असतील."

"सर, उद्या पेपर आहे."

"म्हणूनच आज लॉक राहू दे. तुमचाच नियम आहे, मॅडम."

ते चार वाजता अमरावतीला निघणार होते. त्यानंतर सही नाही.

टेबलावर येऊन मी लॉग उघडला. लॉग म्हणजे सिस्टीमची रोजनिशी. कोण किती वाजता आलं, काय दाबलं, सगळं त्यात असतं. सायबर कॅफेवाल्याचा लॉग मला पाठ होता. ओटीपी गेला की दहा-पंधरा सेकंदांत भरलेला. फोन हातातच, वेळ लागेल कशाला? इथे चित्र उलटं होतं. ओटीपी पाठवला, दहा मिनिटांची मुदत संपली. पुन्हा पाठवला, पुन्हा संपली. तिसऱ्या खेपेला नवव्या मिनिटाला भरला. प्रत्येक मुलाचं तेच. असली टोळी असेल तर ती उपाशीच मरेल.

राठोडांना दाखवलं. ते खुर्ची ओढून बसले.

"हे पोडावरचे पोरं असतील, मॅडम. कोलामायच्या वस्त्या. ग्रामपंचायतीत केबलचं नेट हाय, पन मोबाईलले टॉवर नाई. टेकडीवर चढलं त पलीकडच्या तेलंगणाचं नेटवर्क भेटते."

"म्हणजे फोन टेकडीवर आणि कॉम्प्युटर खाली?"

"आमच्या तांड्यावर टॉवर नवता तवा आमी बी असंच करत होतो. एकच फोन, पान्याच्या टाकीवर. सगळ्यायचा निरोप त्याच्यावरच."

मी त्या बाईला पोलिसांचं नाव सांगितलं होतं.

राठोडांनी लगेच मेल टाकला. चार मिनिटांत उत्तर आलं आणि आम्ही व्हिडिओ कॉल लावला. ग्रामपंचायतीच्या खोलीत मुलं दाटीवाटीनं उभी होती, प्रत्येकाच्या हातात कॉलेजचं आयकार्ड. पुढे बसलेल्या मुलीनं नाव सांगितलं, मंगला टेकाम, बी.ए. शेवटचं वर्ष.

"सकाळी तुमच्याशी बोलली ते माही माय हाय. सुमित्राबाई. टेकडीवर बकऱ्या चारते. फोन तिच्यापाशीच राह्यते. ओटीपी आला की ते वरून हाक देते, मधात वावरात मामा हाय तो आयकते आन् खाली सांगते. आमी लिवतो."

"आता पाठवून बघू?"

मंगला खाली बघत म्हणाली, "मायनं फोन बंद केला, मॅडम. पोलिसाचं नाव आयकलं ना. बकऱ्या घेऊन पार तिकडच्या अंगाले गेली."

म्हणजे ही मुलं खरी आहेत, याचा जो एकच पुरावा कुलसचिवांना दाखवता आला असता, तो मी स्वतःच्या तोंडानं बंद केला होता. अडीच वाजले होते. मंगला एप्रिलच्या उन्हात टेकडीवर पळाली. मी लॅपटॉप उचलला आणि इंगळे सरांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. सरांना ते आवडलं नाही. मी उठले नाही.

सव्वातीन. साडेतीन. सरांच्या ड्रायव्हरनं दारातून डोकावून पाहिलं.

मंगला धापा टाकत परत आली. "फोन चालू केला. पन माय म्हनते, आदी त्या मॅडमनं बोलावं."

मी सरांसमोर, स्पीकर चालू ठेवून फोन लावला.

"सुमित्राबाई, मी सकाळची मॅडम. माझी चूक झाली. मी न विचारता तुम्हाला चोर ठरवलं. मला माफ करा."

पलीकडे बकऱ्यांचा आवाज. वारा. मग बाई म्हणाली, "बरं. कोनाचं नाव सांगा."

मी मंगलाचं सांगितलं आणि ओटीपी पाठवला. सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. एक मिनिट, तीन मिनिटं, सहा. टेकडीवर नेटवर्क येतं आणि जातं, त्यामुळे मेसेज वाटेत अडकतो. दहावं मिनिट संपलं आणि मुदत गेली.

ड्रायव्हर पुन्हा आला. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "दहा मिनिटं थांब. मॅडम, पुन्हा पाठवा."

सातव्या मिनिटाला लॅपटॉपच्या स्पीकरमधून लांबून एक हाक ऐकू आली. बाईची. "चाsssर!" पाठोपाठ जवळून पुरुषाची, "चाssर!" मंगलानं लिहिलं. मग पुढचा आकडा, तसाच वरून खाली. सहा आकडे. खोलीतली सगळी मुलं ऐकत होती, आणि आम्हीही. मंगलानं आकडे भरले. माझ्या स्क्रीनवर हिरवी खूण आली.

सरांनी पेन काढलं. "सतराही जणांची आयकार्डं कॅमेऱ्यावर तपासा, कॉलेजच्या यादीशी ताळा करा आणि लॉक काढा." सही करताना पुटपुटले, "टोळी म्हणे." "टोळी" हा शब्द सकाळी त्यांनीच काढला होता, पण मी ती आठवण करून दिली नाही.

हॉलतिकिटं काढायला पुन्हा ओटीपीची भानगड नको, म्हणून मी ती थेट पांढरकवड्याच्या परीक्षा केंद्रावर पाठवायचं ठरवलं. राठोड एकेक आयकार्ड बघून यादीवर खूण करत गेले. सोळावर थांबले.

"एक कमी हाय. कविता आत्राम."

खोलीत चुळबुळ झाली. मंगला बोलली. "ते नाई, मॅडम. सोमवारी तिनं ते लाल अक्षर वाचलं. घरच्यायनं विचारलं, तू काय केलं का चौकशी लागली? तिले काही सांगता नाई आलं. मंगळवारी ते मावशीसंगं तेलंगणात मिरच्या तोडाले गेली."

"तिला आत्ताच्या आत्ता फोन लाव. अजून वेळ आहे. गाडीची सोय मी करते."

मंगलानं वर कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"कोन्त्या नंबरवर लावू, मॅडम? तिचा नंबर त हाच हाय."

शुक्रवारी सोळा जणांनी पेपर दिला. कविताचं हॉलतिकीट केंद्रावर तसंच पडून राहिलं. तिचं वर्ष माझ्यामुळे गेलं, हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण चौकशीच्या फाइलमध्ये "विद्यार्थिनी गैरहजर" एवढंच लिहिलं आहे.

नियम मी नंतर बदलला. आता खातं लॉक करण्याआधी माणूस लॉग बघतो, कॉलेजला विचारतो, आणि यादी त्याच दिवशी निकालात काढतो. "संशयित" हा शब्द सिस्टीममधून काढून टाकला. तो मी निवडला तेव्हा मला फक्त सायबर कॅफेवाला दिसत होता. पुढच्या सत्रात कविता फॉर्म भरेल, म्हणून मी तिचं खातं अधूनमधून उघडून बघते. शेवटचं लॉगिन अजून तेच दिसतं: सोमवार, सकाळी आठ बावन्न.