सगुणाबाईने पाहिलेलं वाळवंट

पुंजाराम वीस वर्षं ट्रक चालवत होता. सटाण्याला कांदा भरायचा आणि राजस्थानात बाडमेरला पोचवायचा. इकडे मखमलाबादला त्याची बायको सगुणाबाई झेंडूचा मळा सांभाळायची. फुलं वेळेवर तोडावीच लागतात, म्हणून तिचं जग मळा आणि फुलबाजार एवढंच. नवरा महिन्यातून चार-सहा दिवस घरी, तेव्हाही मुका. काही विचारलं तर "हां", नाहीतर "नाय".

१९९९ साली पाठ धरली म्हणून त्याने लांबचा फेरा सोडला. फाल्गुनात एका सकाळी त्याने मेव्हण्याची जीप दारात आणून लावली.

"चला. मी कुठं जायचो ते दाखवतो."

"अन् फुलं कोण तोडंल?"

"आक्काबाईला सांगितलंय." आक्काबाई म्हणजे त्याची बहीण.

चौदा वर्षांची मोहिनी आईच्या उत्तराची वाट न बघता जीपमध्ये चढली होती.

ताडपत्री, स्टोव्ह, बाजरीचं पीठ, पाण्याचे कॅन घेऊन तिघं पेठच्या घाटाने गुजरातेत उतरली. दिवस मावळला की जीपच्या टपाला ताडपत्री बांधायची आणि खाली अंथरूण टाकायचं. चौथ्या दिवशी झाडं विरळ झाली. वाळूत रोहिड्याचं एक झाड नुसतं केशरी फुललं होतं. सगुणाबाईने जीप थांबवायला लावली, एक फूल तोडून नाकाशी धरलं.

"वास नाय. बाजारात चालायचं नाय," ती म्हणाली, पण फूल पदरात बांधून घेतलं.

दुपारी पुंजारामने जीप एका झोपडीपाशी नेली. तो दर फेरीला इथे पाणी प्यायला थांबायचा, कधी मुक्कामही करायचा. आतून एक म्हातारी आली. तिने सगुणाबाईकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "सगुणा?"

मग तिने सरळ सगुणाबाईचा उजवा हात धरला, बांगड्या वर सारल्या आणि मनगटावरच्या भाजल्याच्या जुन्या डागावरून अंगठा फिरवला. मारवाडीत काहीतरी बोलत राहिली. पुंजाराम खाली बघत होता.

"काय म्हणतीय?" सगुणाबाईने विचारलं.

"काय नाय."

"बाबा, सांगा ना," मोहिनी म्हणाली.

"म्हणतीय, ह्या हाताच्या काळजीनं हा दोन दिस माझ्याकडं जेवला नव्हता."

सहा वर्षांपूर्वी उकळतं आधण सगुणाबाईच्या हातावर सांडलं होतं. तेव्हा पुंजारामने हात पाहिला, "मलम लाव" म्हणाला आणि ट्रक घेऊन गेला. ते तिने मनात धरून ठेवलं होतं.

"मग तवा मला का नाय बोललात?"

"तुझ्यासमोर रडाया आलं असतं. मग तुला कुणी धीर दिला असता?"

म्हातारीने ताक दिलं, ते सगुणाबाईने आधी नवऱ्यापुढे सरकवलं.

परतीच्या वाटेवर ती पुढच्या सीटवर बसली. "बोला आता," म्हणाली. आणि पुंजाराम बोलत राहिला: टायर कुठे फुटला होता, कुठल्या ढाब्यावर डाळ चांगली मिळते, मोहिनी झाली ती बातमी कुठल्या गावात कळली. पालनपूर कधी मागे पडलं, कुणालाच कळलं नाही.

पुढे तो गावाजवळच्या द्वारका चौकापासून सिन्नरपर्यंत टेम्पो चालवू लागला. रोज संध्याकाळी घरी. जेवताना सगुणाबाई विचारायची, "आज काय बघितलं?" तो हातातला घास संपवायचा आणि सांगायला लागायचा.