पाचवी लेव्हल

वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत ती प्रोग्रामर होती. दुकानात काट्यावर सामान ठेवलं की छोट्या पडद्यावरचा आकडा थोडा वेळ वरखाली नाचतो आणि मग एका जागी थांबतो. तो थांबला असं नेमकं कधी मानायचं, यावर ती मीटिंगमध्ये इतका वेळ हुज्जत घालायची की ऑफिसात तिचं नाव ग्रॅमबाई पडलं. तिला ते आवडलं की खटकलं, कुणाला कळलं नाही. पण घरी बसून केलेला पहिला गेम तिनं इंटरनेटवर टाकला तेव्हा बनवणाऱ्याच्या जागी तेच नाव घातलं, आणि पुढं सगळीकडं तेच चिकटलं.

गेम बनवणं ही तिची हौस. त्याच्या जोडीला इतरही लहानसहान प्रोग्राम करायची, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, डोक्यात किडा वळवळला म्हणून. लिफ्टमनचा एक गेम होता, त्यात प्रत्येक मजल्यावर वेगळ्या तऱ्हेचा माणूस चढायचा आणि कुणाला आधी सोडायचं यावरून भांडणं व्हायची. आपल्या बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ऊन केव्हा येईल ते सांगणारा एक प्रोग्राम होता. तो दुसऱ्याच कुठल्या देशातला एक म्हातारा आपल्या टोमॅटोच्या रोपांसाठी वापरत असे. नवरा फ्रिज दुरुस्तीचं काम करायचा. त्याच्यासाठी तिनं कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा प्रोग्राम केला होता. तो प्रत्येक फ्रिजला ठणठणीत म्हणायचा.

“याला दवाखान्यात नोकरी द्यायला हवी,” नवरा म्हणाला होता. “सगळे खूश होऊन घरी जातील.”

तिचा कॉम्प्युटर ज्या टेबलावर होता ते सासऱ्यांचं कटिंगचं टेबल. सासरे शिंपी. आसपासच्या चार गल्ल्यांत त्यांना सगळे मास्तर म्हणत. ती मात्र बाबा म्हणायची. दुकानात सासूबाई त्यांच्या शेजारी बसायच्या, काज-बटणं करायच्या, दोरे काढून द्यायच्या. त्या गेल्या आणि फार दिवस न जाता मास्तरांनी दुकान बंद केलं. जोडी फुटली, आता मन लागत नाही, असं लोक म्हणाले. मास्तरांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शिलाई मशीन त्यांच्या खोलीत खिडकीपाशी गेलं, त्यावर चादर आली. टेबल सुनेला मिळालं. आणि बटणांचा एक मोठा पत्र्याचा डबा कुठं ठेवायचा ते कुणालाच सुचेना म्हणून तो टेबलाखालीच राहिला.

त्या डब्यावरून तिला नवा गेम सुचला. तिनं एकेक बटण उजेडात ठेवून फोटो काढले. वरून बटणं पडतात, खेळणाऱ्यानं ती योग्य त्या खणात सरकवायची, एवढाच खेळ. पहिल्या लेव्हलला लहान-मोठी वेगळी करायची, पुढं भोकांवरून, मग आकारावरून, मग काचेची आणि शिंपल्याची. पाचव्या लेव्हलला सगळी बटणं एकाच मापाची, चार भोकांची, सगळ्यांचा दोरा फुलीसारखा ओवलेला, आणि ती रंगावरून लावायची.

मास्तरांना मोबाइलवर काही खेळायची सवय नव्हती, पण ही त्यांची स्वतःची बटणं. “हे बघ, हे त्या बँडवाल्याच्या कोटाचं,” असं म्हणत ते खेळायचे. पहिल्या चार लेव्हल त्यांनी चुटकीसरशी पार केल्या. पाचवीला मात्र दर वेळी गाडी अडायची. हात सावकाश चालतो म्हणाले, म्हणून तिनं त्यांच्यापुरता वेग कमी केला. पडदा लहान आहे म्हणाले, म्हणून टॅब्लेट दिला. तरी येईना. मग त्यांनी विषय काढणं सोडलं आणि तीही कामाच्या नादात विसरली.

हौशी गेम बनवणाऱ्यांची एक वेबसाइट होती. ती चालवणाऱ्या बाईंनी ग्रॅमबाईला लिहिलं, की आम्ही अधूनमधून एकेकाची ओळख करून देतो. तुम्ही कोण, काय बनवता, कुणासाठी बनवता, ते तुमच्या शब्दांत पाठवा. एरवी शंभर ओळींचा प्रोग्राम एका बैठकीत लिहिणारी ती बाई या चार ओळींपुढं अख्खा रविवार बसली. पहिला मसुदा तिनं नवऱ्याला दाखवला.

“हे वाचून तुला कुणीही नोकरी देईल,” तो म्हणाला. “गेम मात्र कुणी खेळणार नाही.”

संध्याकाळी तिनं सगळं खोडून नव्यानं लिहिलं आणि चहा पिता पिता नवऱ्याला आणि मास्तरांना वाचून दाखवलं. “मी दिवसा वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहिते आणि उरलेल्या वेळात गेम बनवते. माझे गेम छोटे असतात. त्यात हरलं तर कुणी ओरडत नाही. शिकलेला, न शिकलेला, लहान, म्हातारा, कुणालाही ते खेळता येतात.”

“छान आहे,” नवरा म्हणाला.

“शेवटचं वाक्य काढ,” मास्तर म्हणाले.

“का बाबा?”

“कुणालाही नाही येत. मला पाचवी लेव्हल येत नाही.”

एवढं बोलून ते कप विसळायला उठून गेले. नवऱ्यानं हसण्यावारी नेलं. तिनं नेलं नाही. काट्यावरचा आकडा चुकत असेल तर काटा चुकतोय हे तिला दहा वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. वजनाला दोष देऊन चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाण्याआधी तिनं मास्तरांना एक डाव खेळायला लावलं आणि स्वतः मागं स्टुलावर बसली. त्यांचा हात जराही अडखळत नव्हता. बटण आलं की ते ठामपणे सरकवायचे. निळी निळ्यात, पिवळी पिवळ्यात. पण तपकिरी बटण हिरव्याच्या खणात जायचं, हिरवं लालच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चूक झाल्याचा मागमूसही नसायचा. चूक झाल्याची घंटी वाजली की तेवढ्यापुरत्या भुवया वर जायच्या.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिनं गेमची एक प्रत काढली, त्यातले लाल, हिरवा आणि तपकिरी हे तिन्ही रंग एकाच मातकट रंगाचे केले आणि स्वतः खेळून बघितलं. ती हरली. पुन्हा खेळली, पुन्हा हरली. आपणच लिहिलेल्या गेममध्ये आपण ठार आंधळे होतो हे बघून तिनं जेवणाचा डबा बाजूला सारला.

दुरुस्ती तशी सोपी होती. तिनं बटणांवरचे दोरे बदलले. लाल बटणाला फुली तशीच ठेवली, हिरव्याला दोन समांतर टाके दिले, तपकिरीला चौकोन, आणि खणांवरही त्याच खुणा काढल्या. रंग होते तसेच राहिले, पण आता रंग न बघताही ही तिन्ही बटणं वेगळी ओळखता येत होती. नवी आवृत्ती तिनं गुपचूप टॅब्लेटवर चढवली.

मास्तर दोन दिवसांनी पाचवी लेव्हल जिंकले. तेव्हा घरात ती दोघंच होती. पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडत होते आणि मास्तर ते बघत बसले होते.

“दोरे बदललेस तू,” ते म्हणाले.

“हो.”

“आधी सगळ्यांना फुली होती.”

“होती.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. मी मागं बसले होते ना त्या दिवशी.”

त्यांनी टॅब्लेट बंद करून बाजूला ठेवला. “तुझ्या सासूला लग्नानंतर आठवड्यात कळलं होतं,” ते म्हणाले. “तिनंही विचारलं नाही. एक दिवस दुकानात येऊन बसली आणि दोरे काढून द्यायला लागली. मग बसतच राहिली. रिळांची फळी तिनं तिच्या हिशेबानं लावलेली, तिला हात लावायची मला बंदी. गिऱ्हाईक कापड टाकायचं आणि म्हणायचं, मास्तर, डाळिंबी दोरा घाला. मी मान डोलवायचो. तोवर तिनं रीळ काढलेलं असायचं. लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे मास्तरांचा, दोरासुद्धा बायकोच्या हातून घेतात.”

“आणि नंतर?”

“नंतर एका माणसाचा हिरवा कोट आला, अस्तर उसवलेलं. मी घरी नेऊन नीट बघून दोरा निवडला. त्यानं कोट बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, राहू द्या मास्तर, तुमचं मन थाऱ्यावर नाही. मला कळेना काय झालं. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, लाल टीप घातली आहे.” त्यांनी टॅब्लेट आणखी दूर सरकवला. “सगळे म्हणाले दुःखानं दुकान बंद केलं. दुःख होतंच. पण दुःखात शिवता येतं.”

बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल ओढत नेत होतं. तिनं उठून दार लोटून घेतलं.

“तुमच्या मुलाला माहीत आहे?” तिनं विचारलं.

“नाही. आणि तूही सांगू नकोस.”

तिला वाईट वाटलं का, तर वाटलं. पण त्याहून आधी तिच्या मनात आलं ते हे, की रंग ही मोजता येणारी गोष्ट आहे. वेबसाइटला तिनं ओळख पाठवली ती शेवटचं वाक्य गाळून, आणि त्याच आठवड्यात नवा प्रोग्राम लिहायला घेतला. फोनच्या कॅमेऱ्यासमोर रीळ धरायचं, फोननं रंगाचं नाव मोठ्यानं सांगायचं. सुरुवातीला तो वाट्टेल ते सांगायचा. ट्यूबलाइटखाली पांढऱ्याला निळसर म्हणायचा, संध्याकाळी सगळंच तपकिरी. मग वजन करण्याआधी काटा शून्यावर आणतात तसं तिनं केलं: आधी पांढरा कागद दाखवायचा, मग रीळ. त्यानंतर फोन बराच ताळ्यावर आला. मास्तर त्याच्याशी भांडायचे, कारण तो मोरपिशी आणि गर्द निळा यांत घोळ घालायचा आणि निळे तेवढे मास्तरांना चांगले दिसत.

मशीनवरची चादर निघाली. नवऱ्यानं विचारलं तर मास्तर म्हणाले, वेळ जात नाही.

खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची. मशीनचा आवाज ऐकून ती एका दुपारी आपलं जॅकेट घेऊन वर आली. खिसा फाटला होता. मास्तरांनी जॅकेट हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि नेहमीप्रमाणं खिडकीकडं तोंड करून फोन त्यावर धरला. आवाज कमी करायचा राहून गेला होता.

“गडद हिरवा,” फोन स्वच्छ आवाजात म्हणाला. मग त्यांनी उचललेल्या रिळाकडं बघून, “तपकिरी.”

“हे कोण बोलतंय?” नर्सनं विचारलं.

मास्तरांच्या हातात रीळ तसंच राहिलं. ग्रॅमबाईला त्या दिवशी सुट्टी होती, ती टेबलापाशी बसली होती. तिनं किबोर्डवरचे हात उचलले. नवरा कामावरून लवकर येऊन दारात बूट काढत होता.

“मला रंग कळत नाहीत,” मास्तर म्हणाले. “हा सांगतो.”

“बरं,” नर्स म्हणाली. “परवापर्यंत मिळेल का? परवा माझी सकाळची ड्युटी आहे.”

“उद्या घेऊन जा.”

नर्स गेली. नवरा एक बूट पायात ठेवून आत आला. “काय म्हणालात तुम्ही तिला?”

मास्तरांनी सांगितलं. थोडक्यात, जसं माप सांगतात तसं. तो ऐकत उभा राहिला.

“चौथीत माझ्या खाकी चड्डीला हिरवं ठिगळ होतं,” तो शेवटी म्हणाला. “आई माहेरी गेली होती तेव्हाचं. पोरं वर्षभर मला पोपट म्हणायची.”

“मला वाटलं जमून गेलंय,” मास्तर म्हणाले.

“आईला माहीत होतं. हिला माहीत आहे. आता खालच्या नर्सलाही माहीत आहे. मीच तेवढा राहिलो.”

“तुला सांगितलं असतं तर दुकान उघडा म्हणून तू माझ्या मागं लागला असतास. दोरे काढून द्यायला कुणाला तरी शेजारी ठेवून रोज सकाळी मला दुकानात आणून बसवलं असतंस.”

हे खरं होतं, त्यामुळं तो दाराशी परत गेला आणि राहिलेला बूट काढला. त्यानं बायकोशी मात्र दोन दिवस कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिनंही समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. राग आपोआप उतरतो हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तो वर्कशॉपमधून एक पांढरा दिवा घेऊन आला आणि मशीनवर असा बसवला, की उजेड थेट रिळावर पडावा.

दुकान काही पुन्हा उघडलं नाही. मास्तरांनीच नको म्हटलं. पण घरी उसवलेलं-फाटलेलं येत राहिलं, आणि येणाऱ्याला ते आधीच सांगून टाकत, की रंग फोन बघतो, चुकला तर सांगा. एकदोघांनी सांगितलंही. मास्तरांनी तेवढी टीप काढून पुन्हा घातली.

वेबसाइटवर ओळख छापून आली ती फारशी कुणी वाचली नाही. बटणांचा गेम खेळणारे थोडे वाढले. रंगांचा प्रोग्राम तिनं तिथंच फुकट ठेवून दिला होता. त्याखाली एका अनोळखी वायरमननं लिहिलं, की विजेच्या तारांवर हा चालेल का. तिनं लगेच उत्तर दिलं, की यावर अजिबात विसंबू नका, टेस्टर लावूनच काम करा, अंधाऱ्या बॉक्समध्ये कॅमेरा फसतो.

वायरमननं परत लिहिलं. टेस्टर तर तो वापरतोच. त्याला फक्त दर तारेचा रंग सोबतच्या माणसाला विचारावा लागायचा, त्याचा कंटाळा आला होता.

तिनं त्याला लिहिलं, की रविवारपर्यंत थांबा, काही करता येतं का ते बघते.