डावीकडचा ब्रेक

"घाबरू नका काकू, ब्रेक माझ्याकडेही आहे," असं म्हणत आमच्या ड्रायव्हिंगच्या मॅडम आपल्या सीटपुढचा जादा ब्रेक पायाने अलगद दाबत. हडपसरच्या बाजारात हातगाडी आडवी आली की हे वाक्य मला ऐकायला मिळे. म्हणजे रोजच.

मी निवृत्तीनंतर गाडी शिकायला निघालेली, आणि त्यांना चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच दिवस गेलेले. "आपण दोघींनीही उशिराच प्रवेश घेतलाय," त्या म्हणायच्या. अशा वेळी लोक काय बोलतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. आमच्या दोघींच्या सोसायटीतल्या एका बाईंनी लिफ्टमध्ये हसत विचारलं, "आता, या वयात?"

"मागच्या वयात जमलं नाही. तुम्ही आठवण करून द्यायची होती," मॅडम म्हणाल्या. त्या बाई पुन्हा लिफ्टमध्ये आमच्याबरोबर आल्या नाहीत.

पण आतून मॅडम सावध होत्या. "या वयातली पहिली खेप, बीपी आणि शुगर दोन्हींवर लक्ष हवं, असं डॉक्टरांनी बजावलंय. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, तर विचार करत बसायचं नाही. थेट यायचं." मिठाईच्या दुकानापाशी त्या मान फिरवून बसत. माझी गाडी नेमकी तिथेच बंद पडे.

आठवा महिना लागला तेव्हा डॉक्टरांना विचारून त्यांनी एकच क्लास ठेवला होता, माझा. एका सकाळी बोलता बोलता त्यांनी कपाळ दाबून धरलं. चेहरा सुजलेला दिसत होता.

"काकू, डोकं फुटतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

"रिक्षा बघू का?"

"रिक्षातल्या धक्क्यांपेक्षा तुमचा दुसरा गिअर बरा. हॉस्पिटलला चला. मी डोळे मिटतेय. आज ब्रेक एकट्या तुमचा."

मी इतकी घाबरले होते, की मागून ओरडणाऱ्यांना उलट बोलायचंही राहून गेलं. पुण्यात ही साधी गोष्ट नाही. हॉस्पिटलच्या दारात गाडी कशीबशी तिरकी उभी केली. स्ट्रेचरवर झोपवलेल्या मॅडमनी डोळे न उघडताच विचारलं, "हँडब्रेक ओढलात?"

बीपी फार चढलं होतं. त्याच दुपारी सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, अगदी एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली.

मी भेटायला गेले तेव्हा मॅडम त्या पेटीजवळ व्हीलचेअरवर बसल्या होत्या. बाळाची छाती जरा थांबल्यासारखी वाटली, की त्यांचा अनवाणी पाय फरशी दाबायचा. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"इथे माझ्याकडे ब्रेक नाही हो, काकू," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी प्रथमच पाहत होते. मलाही आवरलं नाही.

बरेच दिवस गेले आणि एकदाचा फोन आला. "घरी आलो दोघी. तुम्ही हळू चालवताय ना?"

क्लास बंद करून त्या वाघोलीला आईकडे राहायला गेल्या. मी आता एकटीच गाडी चालवते. हातगाडी आडवी आली की अजून डावीकडे बघते. तिथे माझी पर्स असते.