विरोधी पक्षाविना वर्गीकरण

समस्त करवीरकरांस कळविण्यात येते की, राजारामपुरीतील एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चाललेले संगणकाच्या प्रोसेसरांची कुळे ठरविण्याचे महत्कार्य विरोधी पक्षाअभावी तहकूब करण्यात आले आहे.

विरोधी पक्ष म्हणजे माझी बायको. आम्ही दोघंही इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो. काही प्रोसेसर असे असतात, की कारखान्यातून बाहेर पडल्यावरही त्यांची आतली जोडणी बदलता येते. त्यांचं वर्गीकरण करणारं पुस्तक आम्ही मिळून लिहीत होतो. कुणाची जोडणी बारीक तुकड्यांत बदलते, कुणाची मोठ्या ठोकळ्यांत. कुणी त्यासाठी काम थांबवतो, कुणी काम चालू ठेवूनच बदलतो. आमची पद्धत एकच. एकानं गट सांगायचा, दुसऱ्यानं ‘नाही’ म्हणायचं. भांडून जो गट टिकेल, तो पुस्तकात. ‘नाही’ म्हणताना ती कप असा आपटायची, की बशी आधी शरण यायची.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. पुस्तक अर्ध्यावर राहिलं.

सासूबाई बिद्रीहून सोबतीला येऊन राहिल्या. एका संध्याकाळी त्या मेथी निवडत होत्या, तेव्हा मी त्यांनाच विरोधी बाकावर बसवलं.

“आई, हा प्रोसेसर निम्मा बदलत असताना उरलेला निम्मा काम करतच राहतो. मी ह्याला थांबणाऱ्यांत घालतो. तुम्ही नाही म्हणा.”

“बरोबर हाय की, पावणं.”

“अहो, साफ चूक आहे.”

“मग चूक हाय.”

त्यांच्या घरात जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. मग मला चेव आला. मी म्हटलं, आपला मिक्सर सगळ्यात श्रेष्ठ प्रोसेसर.

“आसंल की. तुम्ही शिकल्यालं.”

मी खो खो हसलो, आणि हसता हसताच थांबलो. मला नाही म्हणणारं आता घरात कुणीच नव्हतं. वाट्टेल ते लिहिलं असतं तरी खपलं असतं, आणि म्हणूनच एक ओळ लिहवत नव्हती.

मी लॅपटॉप मिटला. “राहू दे, आई. पुस्तक बंद. उद्या प्रकाशकाला कळवून टाकतो.”

त्यांचा हात मेथीतच थांबला. मान वर न करता त्या बोलून गेल्या, “न्हाय. माझ्या लेकीनं निम्मं केल्यालं हाय, ते टाकायचं न्हाय.”