नावाआधीचं एक अक्षर

हे मी एका माणसाशिवाय आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. माझ्या एका चित्राखालच्या पाटीवर मी एका जित्याजागत्या माणसाच्या नावाआधी 'कै.' लिहिलं. चूक झाली — असं मी दोन वर्षं म्हणत आलो. चूक या शब्दाचा किती आधार असतो, नाही?

चित्राचं नाव 'अर्धी मावशी'. तमाशातली मावशी तुम्हाला माहीत असेल. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बायकांची म्होरकी, आणि ती करायची पुरुषानंच. माझ्या चित्रात ती आरशासमोर बसली आहे. चेहऱ्याचा अर्धा भाग सफेदा, काजळ, ठसठशीत कुंकू. उरलेला अर्धा तेलानं पुसलेला — दाढीचे खुंट उगवलेला, दमलेला, म्हातारा पुरुष. त्या चित्रानं मला चित्रकार केलं. त्याआधी मी चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला होतो, गाड्यांचे दरवाजे रंगवत.

ती मावशी म्हणजे दगडूमामा. बावीस वर्षं फडात काढून आमच्या कंपनीच्या कॅन्टीनला वाढायला लागलेले. आमटीचा डाव हातात धरून कमरेला असा झटका द्यायचे की सेकंड शिफ्टची अख्खी रांग खिदळायची. मला म्हणायचे, "काय पेंटर, निस्ते दरवाजेच रंगवतोस का माणसंबी?"

म्हणून मी त्यांना बसवलं. कंपनीजवळच्या निघोज्यात माझी भाड्याची खोली होती, त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दर रविवारी ते पिशवीतून नऊवारी आणि सफेद्याचा डबा घेऊन यायचे. मी कमरेवर हात ठेवलेली, डोळा मारणारी मावशी काढत होतो. दोन महिने काढत होतो आणि ती मेलेलीच उतरत होती. एका रविवारी मामा उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले. बघत राहिले. मग खोबरेल तेल मागितलं, आरसा घेतला, आणि अर्धा चेहरा पुसून थांबले.

"ही काढ. त्वा काढलीस ती पोस्टरवर बी असती. ही अर्धी पुसल्याली — हिला आमच्या फडातल्या बायकांनीबी बघितली न्हाई."

म्हणजे ते चित्र कुणाचं? हात माझा होता. रंग माझे होते. बाकी?

हे सांगायला मी इतका वेळ का घेतोय ते तुमच्या लक्षात आलं असेल.

पुढं मी नोकरी सोडली, निगडीला राहायला आलो. चित्रं छोट्या प्रदर्शनांत दिसायला लागली. एका मुलाखतीत मला विचारलं, ही कल्पना कशी सुचली? मी सांगितलं, पेंट शॉपमध्ये अर्ध्या दरवाजाला मास्किंग टेप लावलेली असते, ते बघताना सुचली. किती छान वाटतं ना ऐकायला? मलाही वाटलं. दुसऱ्या मुलाखतीत मी ते आणखी रंगवून सांगितलं.

मग पहिलं मोठं प्रदर्शन ठरलं. गॅलरीवाल्यांनी प्रत्येक चित्राखाली दोन ओळी मागितल्या. मी निगडीच्या घरी टेबलाशी बसलो, मामांचं नाव लिहिलं आणि थांबलो. माणूस हयात आहे म्हटल्यावर गॅलरीवाले त्यांना उद्घाटनाला बोलावणार. हातात माईक देणार. आणि बावीस वर्षं पब्लिक मुठीत ठेवलेला माणूस माईक सोडेल? ते बोलणार — कौतुकानंच बोलणार, त्यांच्या मनात खोट नव्हती — की अर्धं पुसायचं मीच सांगितलं बरं का.

मी नावाआधी 'कै.' लिहिलं. एक अक्षर, एक टिंब. मग पाटी मोठ्यानं वाचून पाहिली. जास्त भारदस्त वाटली. — हेही सांगायलाच हवं.

पेपरात चित्राचा फोटो आला, खाली तीच ओळ. चार दिवसांनी मामांचा फोन. "काय रं पेंटर, मी मेलो व्हय? आन् मला कुणी कळवलंबी न्हाई! बाराव्याचं जेवान तरी घाल की राव." ते हसत होते. मीही हसलो. म्हणालो, छापणाऱ्याची चूक झाली मामा, त्याला झापतो. "जाऊ दे, गरिबाला नको झापू," ते म्हणाले. झापायला कोणी नव्हतंच. आणि पाटी? ती तशीच राहिली, प्रदर्शन संपेपर्यंत.

दोन वर्षं गेली. गेल्या महिन्यात पुन्हा फोन आला. या वेळी ते हसत नव्हते.

त्यांच्या फडातला ढोलकीवाला गेनूभाऊ वारला. जुन्नरकडचा. बावीस वर्षं यांच्या कमरेचा झटका आणि त्याची थाप एकत्र पडायची. म्हातारपणात भेटी नव्हत्या, तरी कुणीतरी आलं-गेलं की निरोप असायचे. मधे निरोप थांबले, मामांना वाटलं, आजारी असेल. दहाव्याला गेले तर त्यांना दारात बघून गेनूभाऊंची सून किंचाळली. मग तिनं रडत सांगितलं — पेपरातलं तिनंच सासऱ्यांना वाचून दाखवलं होतं. गेनूभाऊ उठले. अंगणात जाऊन मामांच्या नावानं आंघोळ केली. तोवर रोज संध्याकाळी ढोलकी चढवून थोडी वाजवायचे. त्या दिवशी ती खुंटीला टांगली, पुन्हा काढली नाही.

"जिता असताना माझ्या नावानं आंघोळ झाली, पेंटर," मामा म्हणाले. "आन् त्यो तसाच गेला. मी मेलोय म्हणूनच गेला." मग — "त्या छापणाऱ्याला एवढं सांग. झापू नको. निस्तं सांग."

छापणाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघोज्याला गेलो. मामा ओट्यावर दाढी करत बसले होते, अर्ध्या गालाला साबण. मला बघून म्हणाले, "ये. आज फुकटात अर्धी मावशी." मी खाली पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. छापणाऱ्यानं काही केलं नव्हतं, ते अक्षर मी लिहिलं. समजून-उमजून लिहिलं. तुम्ही येऊन बोलू नये म्हणून लिहिलं. अर्धं पुसायची कल्पना तुमची, ती मी माझी म्हणून सांगितली. त्यांच्या हातातला वस्तरा थांबला. माझं तोंड बघत राहिले. साबण गालावर वाळत गेला.

माफ करा, असं मी म्हणालो नाही. ते पुन्हा त्यांच्याकडूनच काहीतरी घेणं झालं असतं. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "मामा, मी चुकलो नाही. मी मुद्दाम केलं. गेनूभाऊंना मी फसवलं, तुम्हाला मी मारलं."