सतरा नंबरचं टोकन

सर्व्हिस सेंटरात मी चौथ्यांदा बसलो होतो. वायर काढली की लॅपटॉप बंद पडायचा. परवा बेंगळुरूला कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत बोलायचं होतं आणि काउंटरवरची बाई दरवेळी एकच सांगायची, "तक्रार वर पाठवलीय."

शेजारी सतरा नंबरचं टोकन मुठीत धरून एक काका बसले होते. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करायचे, मोबाईल बिघडला म्हणून आले होते. वायर लावून मी लॅपटॉपच्या स्क्रीनवर परिषदेसाठी बनवलेली, वाऱ्यावर उडणारी साडी बघत होतो. तेही वाकून वाकून बघत होते.

"पावणं, ह्ये लुगडं रबराचं हाय काय?"

"कापडच आहे, काका," मी चिडून म्हणालो.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून एक टोक माझ्या हातात दिलं. उभा ओढला, आडवा ओढला, ढिम्म. तिरका ओढला, तसा ताणला.

"बघितलासा? इणलेलं कापड तिरकंच ताणतंय. तुमचं चारी बाजूनं ताणाय लागलंय की!"

लॅपटॉप तसाच परत आणला. साडी मात्र दुरुस्त केली.

परिषदेत पहिलाच प्रश्न आला, "हे तिरकं ताणणं कुणाकडून शिकलात?"

नाव सांगायला मी तोंड उघडलं. माझ्याकडे फक्त टोकनचा नंबर होता.